दहा हजार येनांचा माफीनामा

भाव उतरवताना दुकानदार ढोल बडवतो. क्योटोच्या निन्टेंडो कंपनीने २८ जुलै २०११ रोजी भाव उतरवला तो मान खाली घालून. ‘निन्टेंडो थ्रीडीएस’ हे तिचं हातात धरून खेळायचं नवं यंत्र बाजारात येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. पंचवीस हजार येनांची ही वस्तू ११ ऑगस्टपासून पंधरा हजाराला मिळेल, असं कंपनीने जाहीर केलं. अमेरिकेत २५० डॉलरचे १७० झाले. त्यासोबत अध्यक्ष सातोरू इवाता यांनी, ज्यांनी आधीच पूर्ण पैसे मोजले होते त्या गिऱ्हाइकांची माफी मागितली. स्वतःचा पगार निम्मा केला. ‘मारिओ’चे जनक शिगेरू मियामोतो यांच्यासह वरिष्ठ संचालकांचा पगार तीस टक्क्यांनी कापला गेला, बाकीच्यांचा वीस टक्क्यांनी.

गेमिंग कन्सोलच्या धंद्यात भाव उतरणं तेव्हा नवं नव्हतं. यंत्र नवं असताना महाग असायचं, दोन-तीन वर्षांत चिपा स्वस्त व्हायच्या, चार चिपांचं काम एक चिप करू लागायची, मग किंमत खाली यायची. थ्रीडीएसची कपात या हिशोबात बसत नव्हती. पाच महिन्यांत चिपा काही चाळीस टक्क्यांनी स्वस्त झाल्या नव्हत्या. म्हणजे कंपनी आता प्रत्येक यंत्र पदरचे पैसे घालून विकणार होती. यंत्रावर खोट खायची नाही, असा शिरस्ता असलेल्या घरात हे घडत होतं.

यंत्र मात्र खरोखर नवलाचं. उघडझाप करणाऱ्या डबीसारखं, दोन पडद्यांचं. वरच्या पडद्यावरचं चित्र चष्मा न लावता त्रिमितीत दिसायचं. पडद्यात अतिशय बारीक उभ्या फटींची जाळी होती. तिच्यामुळे डाव्या डोळ्याला एक चित्र दिसे, उजव्याला दुसरं, आणि मेंदू त्या दोहोंचा मेळ घालून खोली निर्माण करी. खोली किती हवी हे ठरवायला बाजूला एक सरकती खुंटी होती. डोकं जरा हललं की चित्र विस्कटायचं. सहा वर्षांखालच्या मुलांना त्रिमिती दाखवू नका, अशी सूचना कंपनीच देत होती. लहान मुलांसाठी खेळणी करण्यात हयात गेलेल्या कंपनीची ही जरा गंमतच म्हणायची.

२६ फेब्रुवारी २०११ला थ्रीडीएस जपानमध्ये आलं आणि मार्चअखेरपर्यंत जगभरात ३६ लाख यंत्रं दुकानांकडे रवाना झाली. पुढच्या तिमाहीत, एप्रिल ते जून, आकडा होता फक्त ७ लाख १० हजार. वर्षाचं उद्दिष्ट एक कोटी साठ लाखांचं! मार्चमधल्या भूकंपाने आणि त्सुनामीने जपान हादरलेला होता हे खरं, पण अमेरिका-युरोपातही दुकानांच्या फळ्यांवर डबे पडून होते. कारण सरळ होतं. यंत्रावर खेळायला फारसं काही नव्हतं. पहिल्या खेपेत मारिओचा एकही नवा खेळ नाही. ऑनलाइन दुकान जूनमध्ये उघडलं. लोकांनी अडीचशे डॉलर देऊन त्रिमिती बघितली, चार पाहुण्यांना दाखवली आणि डबी मिटून ठेवली. फोनवर खेळ फुकट किंवा एका डॉलरला मिळू लागले होते, तो काळ हा.

त्यात जून महिन्यात सोनीने आपल्या ‘प्लेस्टेशन व्हिटा’ची किंमत सांगितली: २४,९८० येन. थ्रीडीएसपेक्षा कितीतरी ताकदवान यंत्र, आणि किंमत वीस येनांनी कमीच. व्हिटा दुकानात यायला अजून सहा महिने होते. पण गिऱ्हाईक थांबायला तयार झालं की समोरच्याचा धंदा त्याच दिवशी बसतो. किंमत ही जाहीर झाल्यापासूनच लढायला लागते.

हा धडा या धंद्याने आधी गिरवला होता. १९९५च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगाने ‘सॅटर्न’ ३९९ डॉलरला आणल्याचं सांगितलं. त्याच दिवशी सोनीच्या माणसाने व्यासपीठावर येऊन आपल्या प्लेस्टेशनसाठी २९९ हा आकडा उच्चारला आणि तो खाली उतरला. पुढच्या मेमध्ये प्लेस्टेशन १९९ला आलं, १९९७च्या मार्चमध्ये १४९ला. सेगा प्रत्येक वेळी मागून फरपटत गेली. सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर आणि भोवती चिपांचा गोतावळा. तो आटोपशीर करून खर्च कमी करणं सोनीच्या तुलनेत फार अवघड होतं. भाव सोनीने उतरवायचा आणि रक्त सेगाचं सांडायचं, असा तो प्रकार. प्लेस्टेशन दहा कोटींच्या वर खपलं, सॅटर्न एक कोटीलाही पोहोचलं नाही.

२००२च्या मे महिन्यात तर तिघांनी एकदमच तलवारी उपसल्या. सोनीने प्लेस्टेशन २ तीनशेवरून दोनशे डॉलरवर आणलं, दुसऱ्या दिवशी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स त्याच भावाला आणला, आठवड्याभरात निन्टेंडोचं गेमक्यूब दोनशेवरून दीडशेवर आलं. पुढच्या वर्षी ते शंभरालाही मिळू लागलं. पण तिघेही एकत्र खाली उतरले की उंची तेवढी बदलते, क्रम तोच राहतो. प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या पलीकडे गेलं, गेमक्यूब सव्वादोन कोटींच्या आत थांबलं.

गेमक्यूब शंभर डॉलरला विकलं गेलं तेव्हा निन्टेंडोचे अध्यक्ष इवाताच होते. मूळचे प्रोग्रामर. निन्टेंडोत येण्याआधी एचएएल लॅबोरेटरी या कर्जात बुडालेल्या छोट्या कंपनीला त्यांनी सावरलं होतं. नुसता भाव पाडून माणसं येत नाहीत, हे त्यांना पुरतं ठाऊक असणार. म्हणूनच २०११ची चाल वेगळी दिसते. कपात ऑगस्टमध्ये झाली, पण ती बेतलेली होती नोव्हेंबर-डिसेंबरवर. ३ नोव्हेंबरला जपानमध्ये ‘सुपर मारिओ थ्रीडी लँड’ आला, १ डिसेंबरला ‘मारिओ कार्ट ७’. आणि १० डिसेंबरला आला कॅपकॉमचा ‘मॉन्स्टर हंटर ट्राय जी’. ‘मॉन्स्टर हंटर’ ही मालिका जपानमध्ये मोठी झाली ती पीएसपी या सोनीच्या आधीच्या हातातल्या यंत्रावर. तिचा नवा भाग व्हिटा दुकानात येण्याच्या आदल्या आठवड्यात निन्टेंडोच्या यंत्रावर उतरला. याला म्हणतात वर्मी घाव.

आकडे बघा. जुलै ते सप्टेंबर या कपातीच्या तिमाहीत साडेतेवीस लाख यंत्रं गेली. आधीच्या सात लाखांच्या मानाने तिपटीहून जास्त, तरीही पोट भरेल एवढी नाहीत. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत गेली साडेत्र्याऐंशी लाख. नाताळचा हंगाम त्यात धरायला हवा, हे मान्य. तरीसुद्धा भावाने दार उघडलं आणि खेळांनी माणसं आत आणली, हा निष्कर्ष चुकीचा ठरू नये. व्हिटाला दार उघडायलाच उशीर झाला. सोनीने जपानमध्ये किंमत उतरवली ती २०१३च्या फेब्रुवारीत, आणि तोवर खास त्याच यंत्रात चालणाऱ्या महागड्या मेमरी कार्डाचा भुर्दंडही गिऱ्हाईक सोसत होतंच.

बिल मात्र निन्टेंडोलाही आलं. मार्च २०१२ला संपलेल्या वर्षात कंपनीने ४,३२० कोटी येनांचा निव्वळ तोटा दाखवला. एकत्रित हिशोब जाहीर करू लागल्यापासूनचा तिचा हा पहिलाच वार्षिक तोटा. येन महाग झाल्याचा फटका त्यात होता, तसा उतरवलेल्या भावाचाही. पुढे २०१३मध्ये कंपनीने ‘टूडीएस’ काढलं. अमेरिकेत किंमत १३० डॉलर, डबी मिटत नाही, आणि त्रिमिती गायब! ज्या करामतीवरून यंत्राचं नाव पडलं तीच काढून टाकून ते स्वस्त केलं. फारशी कुणी तक्रार केली नाही. थ्रीडीएसचं हे सगळं कुटुंब मिळून साडेसात कोटींच्या वर विकलं गेलं.

याच औषधाची मात्रा दुसऱ्यांदा लागू पडली नाही. २०१३च्या सप्टेंबरमध्ये निन्टेंडोने ‘वी यू’ हे टीव्हीला जोडायचं यंत्र साडेतीनशेवरून तीनशे डॉलरवर आणलं. लोकांना मुळात हे यंत्र नवं आहे की जुन्या ‘वी’ची पुरवणी, हेच नीट कळलं नव्हतं. एक कोटी पस्तीस लाखांवर त्याचा खेळ आटोपला. २०१४च्या सुरुवातीला इवातांनी पुन्हा आपला पगार निम्मा केला. २०१५च्या जुलैमध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ते गेले.

त्यानंतर वारा फिरला. चिपा पूर्वीसारख्या झपाट्याने स्वस्त होईनात. २०१७च्या ‘स्विच’ची अमेरिकेतली किंमत वर्षानुवर्षं तीनशे डॉलरवरून हलली नाही, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये हलली ती वर, ३४० डॉलरवर. भारतात ४९,९९० रुपयांना आलेलं प्लेस्टेशन ५ २०२२च्या नोव्हेंबरमध्ये ५४,९९०चं झालं. थोडं थांबू, स्वस्त झालं की घेऊ, हा मध्यमवर्गीय हिशोब या दुकानात आता चालत नाही.

राहिले ते पूर्ण पैसे मोजणारे पहिले गिऱ्हाईक. इवातांनी त्यांना ‘राजदूत’ म्हटलं आणि वीस जुने खेळ फुकट दिले: दहा निन्टेंडोच्याच जुन्या फॅमिकॉम यंत्राच्या जमान्यातले, दहा गेम बॉय ॲडव्हान्स या नंतरच्या यंत्राचे. पहिल्या दहांत ‘बलून फाइट’ होता. त्याचं प्रोग्रामिंग तरुणपणी स्वतः इवातांनी केलेलं. गेम बॉय ॲडव्हान्सचे ते दहा खेळ थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानात नंतर कुणालाही, कितीही पैसे देऊन, विकत मिळाले नाहीत. २७ मार्च २०२३ रोजी त्या दुकानातली विक्री कायमची बंद झाली.