डॉक्टर पडद्यावर, बाळ मांडीवर

महाराष्ट्राच्या नकाशात आग्नेय टोकावर बोट ठेवले की ते सिरोंच्यावर पडते. पश्चिमेला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, पूर्वेकडे इंद्रावती. नदी ओलांडली की एका बाजूला तेलंगण, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली येथून सुमारे दोनशे किलोमीटर, आणि वाट आलापल्लीच्या जंगलातून जाणारी. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की ही वाटही केव्हा बंद पडेल, सांगता येत नाही. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे. पण आडगावातल्या घरात मध्यरात्री तान्ह्या बाळाला धाप लागली, तर तज्ज्ञ डॉक्टर गाठणे म्हणजे काय असते, ते या भागातल्या आईबापांना विचारावे.

अशा मुलखासाठी दूरचिकित्सा, म्हणजे डॉक्टरने दुरून पाहून-ऐकून सल्ला देणे, हे मोठेच वरदान म्हटले पाहिजे. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० पासून, घरबसल्या मोबाईलवरूनही डॉक्टरांशी बोलता येऊ लागले. आता उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून पडद्यावरच्या डॉक्टरांशी गाठ घालून देतात. दोनशे किलोमीटरांची पायपीट वाचते. एका दिवसाची मजुरी बुडत नाही. हे सारे चांगलेच आहे, आणि त्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही.

पण एक गोष्ट विचारात घ्या. डॉक्टर पडद्यावर असतो, बाळ मात्र आईच्या मांडीवर असते. डॉक्टरचा हात बाळाच्या अंगाला लागत नाही. ताप किती, श्वास किती, रक्तात प्राणवायू किती हे त्याला कोणीतरी मोजून सांगावे लागते. ते सांगणारी असते गावची आशाताई, नाहीतर नर्सबाई, नाहीतर खुद्द आई. तिच्या हातात जे यंत्र दिले आहे ते तिला धरता आले पाहिजे, वाचता आले पाहिजे. तिथे आकडा चुकला तर पुढे कितीही निष्णात डॉक्टर असो, सल्ला चुकणारच. विहिरीत पाणी भरपूर आहे, पण पाटच फुटला असेल तर शेवटच्या वाफ्याला काय मिळणार?

यंत्र माणसाच्या हाताला, डोळ्याला आणि बुद्धीला जुळते की नाही हे पारखण्याचे एक शास्त्र आहे. ते विलायतेत जन्मले असले तरी त्याचा एक फार सुंदर दाखला आपल्या गडचिरोली जिल्ह्यातच घडला आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लहान मुले कशाने दगावतात याचा शोध घेता न्यूमोनिया हे एक मोठे कारण दिसून आले. आपल्याकडे याला ‘डब्बा’ म्हणतात. खोकला असलेले मूल फार भराभर श्वास घेऊ लागले की न्यूमोनियाची शंका धरायची, ही त्याची साधी खूण. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंतच्या मुलाचे ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर ते ‘जलद’ समजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वेळेवर औषध मिळाले तर बहुतेक मुले वाचतात. म्हणजे गावातच कोणाला तरी श्वास मोजता आले पाहिजेत. गावात कोण होते? सुईण होती. बाळाला पहिल्यांदा हातात घेणारी तीच.

अडचण अशी की सुईणीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिची मोजणी बाराच्या, म्हणजे एका डझनाच्या पलीकडे जात नव्हती. मिनिट म्हणजे किती, हेही घड्याळावरून तिला कळत नव्हते. आता एखाद्या साहेबाने काय केले असते? ‘अडाणी बायकांकडून हे व्हायचे नाही’ असा शेरा मारून फाईल बंद केली असती. गडचिरोलीत तसे झाले नाही. सुईण बदलण्याऐवजी यंत्र बदलले.

एक साधे साधन तयार झाले. त्यात एका मिनिटात रिकामी होणारी वाळूची घटिका होती, आणि सोबत तारेत ओवलेले मणी. तान्ह्या बाळासाठी मण्यांची एक ओळ, मोठ्या मुलासाठी दुसरी. घटिका उलटी करायची, बाळाच्या उघड्या छाती-पोटाकडे बघत श्वास मोजायचे, दहा झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची पाळी आली, तर हा न्यूमोनिया समजायचा. ना घड्याळ, ना साठपर्यंतची मोजणी, ना कागद. सुईणीला दहापर्यंत मोजता येत होते, तेवढ्यावर सारी रचना उभी केली. या ‘ब्रेथ काउंटर’ची माहिती १९९२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

याच वाटेने पुढे १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला. गावातल्याच बायका शिकवून तयार केल्या. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित साप्ताहिकात आला, आणि २०११ पासून ही पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. हे सारे यश मण्यांचे नव्हे. शिकवणूक, औषधे, देखरेख या सर्वांचे ते आहे. पण ज्या हाताने काम व्हायचे त्या हाताकडे पाहून साधन घडवायचे, ही दृष्टी मात्र त्या मण्यांत स्पष्ट दिसते.

आता थोडे दूर जाऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ ही बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरत आणि मग एकाएकी पोटावर बसत. चाके कोणीतरी वर घेतलेली असत. दोष वैमानिकाचा, असा शेरा पडे. आल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने आत जाऊन पाहिले. चाकांची कळ आणि पंखांच्या झडपांची कळ शेजारी-शेजारी, आणि दोन्ही अगदी सारख्या! थकलेला वैमानिक अंधारात भलतीच कळ ओढत होता. चॅपॅनिसने एका कळीला छोटे रबरी चाक बसवले, दुसरीला पाचरीसारखा तुकडा. नुसत्या स्पर्शाने कळू लागले, आणि हा प्रकार थांबला. वैमानिक तेच राहिले.

आपल्या मोटारपंपाचा स्टार्टर बघा. चालू करायला हिरवे बटण, बंद करायला लाल. उद्या कोणी दोन्ही काळी बसवली आणि रात्रीच्या पाळीला वीज आल्यावर तुम्ही भलतेच दाबले, तर दोष तुमचा की बसवणाऱ्याचा?

आता उपकेंद्रातल्या टेबलावर येऊ. बोटाला चिमट्यासारखा लावायचा ऑक्सिमीटर करोनाच्या काळात खेडोपाडी पोहोचला. आम्हाला विचाराल तर हे यंत्र जितके उपयोगी तितकेच फसवे. त्यावर सहसा दोन आकडे दिसतात, एक प्राणवायूचा आणि एक नाडीचा. घाईत एकाच्या जागी दुसरा वाचला जातो. दुसरी गंमत त्याहून गंभीर आहे. इंग्रजी ९८ हा आकडा उलट्या बाजूने वाचला तर ८६ दिसतो, आणि ८९ उलटा वाचला तर ६८. रुग्णासमोर बसलेल्या ताईला पडदा उलटा दिसतो. म्हणजे ठणठणीत मुलाला हलवण्याची धावपळ उडू शकते. काही यंत्रांत बटण दाबले की आकडा फिरतो, पण हे सांगितल्याशिवाय कोणाला कळणार? शिवाय गार पडलेली बोटे, नखरंग, गडद मेंदी यांनी आकडा बिघडतो. मोठ्या माणसाचा चिमटा तान्ह्याच्या बोटाला नीट बसतच नाही. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी प्राणवायू आहे त्यापेक्षा जास्त दाखवते, हेही अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पुढे आणले. आपण सावळीच माणसे, तेव्हा आकडा बरा आहे पण मूल बरे दिसत नाही, असे असेल तर मुलावर विश्वास ठेवावा.

तापमापकाचे तसेच. एक ९८.६ दाखवतो, दुसरा ३७. दोन्ही म्हणजे एकच निरोगी अंग, फक्त मोजमाप निराळे.

आणि पडद्यावरच्या चित्राचे काय? रेंज कमी असली की चित्र अडखळत येते. अशा अडखळत्या चित्रावरून दूरच्या डॉक्टरला बाळाचे श्वास मोजता येत नाहीत. ते मोजायचे काम मांडीजवळच बसून, बाळ रडत नसताना, पीत नसताना, पूर्ण एक मिनिट झाले पाहिजे. मण्यांचे दिवस संपले म्हणून श्वास मोजण्याचे दिवस संपले, असे मुळीच नाही.

मग पारख करायची कशी? आपला सुतार नांगराला रुमणे बसवतो तेव्हा मालकाला म्हणतो, ‘धरून दाखव.’ उंच माणसाला उंच, ठेंगण्याला आखूड. तो व्याख्यान देत नाही, बघतो. या शास्त्राची रीत तीच. यंत्र ज्यांना वापरायचे आहे त्यांच्यातल्याच चार-पाच जणींना बोलवावे. काम द्यावे: ‘या बाळाचा प्राणवायू मोजा आणि डॉक्टरांना सांगा.’ करता करता मनात काय येते ते मोठ्याने बोलायला सांगावे. बघणाऱ्याने तोंडाला कुलूप घालावे, मदत करू नये. कुठे बोट अडले, कुठे डोळे गोंधळले, कुठला शब्द कळला नाही, ते लिहून घ्यावे. याकोब नील्सन या डॅनिश तज्ज्ञाने २००० साली लिहिले आहे की पाच माणसांवरच अशी चाचणी केली तरी बहुतेक दोष सापडतात. वैद्यकीय यंत्रांसाठी याचे आंतरराष्ट्रीय मानकही २००७ पासून आहे.

मात्र ही चाचणी मुंबई-पुण्याच्या थंड खोलीत करून भागणार नाही. सिरोंच्यात घरात तेलुगू बोलतात, जंगलाकडच्या गावांत माडिया आणि गोंडी, आणि कागद मराठीत. डॉक्टर ‘न्यूमोनिया’ विचारतो, आई ‘डब्बा’ सांगते. मोबाईलवर सांकेतिक आकडा येतो, तो मोबाईल बापाच्या खिशात, आणि बाप मिरचीच्या शेतात. उन्हात पडदा दिसत नाही. रात्री वीज जाते. हे सारे जिथे घडते तिथेच यंत्र आजमावले पाहिजे. खरेदीच्या कागदावर किमतीच्या रकान्याशेजारी ‘कोणाच्या हातात देऊन पाहिले’ असा एक रकाना असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि आकडा चुकला की पहिली नोटीस आशाताईला, ही रीत सोडावी. नोटिशीच्या भीतीने ती चूक लपवील, आणि लपलेली चूक दुरुस्त करता येत नाही.

गावाला यात करता येण्यासारखे पुष्कळ आहे. नवे यंत्र आले की ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत ते आशाताईला सगळ्यांदेखत वापरून बघू द्यावे आणि अडचणी लेखी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवाव्यात. समिती त्याची एक प्रत ठेवील तर बरे.

घरच्यांनी डॉक्टरशी बोलताना बाळाला उजेडाकडे धरावे, छाती-पोट उघडे ठेवावे. भाषा येत नसेल तर दुभाषी म्हणून शाळकरी पोराला न बसवता जाणत्या माणसाला बसवावे. डॉक्टरने सांगितलेले औषध, किती, किती वेळा आणि किती दिवस, हे आपण उलट म्हणून दाखवावे. ‘समजले का?’ या प्रश्नाला आपण सवयीने ‘हो’ म्हणतो. उलट म्हणताना मात्र न समजलेले लगेच उघडे पडते.

आणि काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर पडद्याची, रेंजची वाट बघत बसायचेच नाही. बाळ अंगावर पीत नाही, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो, झटके येतात, हाक मारून जागे होत नाही, जे दिले ते सारे ओकते. यातले एकही दिसले तर १०८ ला फोन करून सरळ रुग्णालयाची वाट धरावी. ही पाच वाक्ये उपकेंद्राच्या भिंतीवर मराठीत आणि तेलुगूत मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावीत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शेजारी चित्रे काढावीत. चित्रे काढून झाली की गावातल्या चार बायांना दाखवून ‘हे काय आहे?’ असे विचारावे, आणि त्यांना कळली नाहीत तर चित्रकाराकडून पुन्हा काढून घ्यावीत.