परतीची वेळ सांगून निघा

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचे असेल. ज्यांचे नाव त्याला दिले आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली स्कॉटलंडहून नागपूरला आले. मिशनरी खरेच, पण शाळा काढणारे, गोंडांच्या चालीरीती टिपून ठेवणारे, आणि आपल्या चांदा भागातल्या मांगलीच्या दगडांत प्राचीन प्राण्यांचे अवशेष शोधणारे. १८६३ च्या सप्टेंबरात रिचर्ड टेम्पल यांच्याबरोबर ते टाकळघाटची शिलावर्तुळे पाहायला गेले. परतताना एक शाळा बघायची म्हणून मागे राहिले आणि मग एकटेच निघाले. वाटेतला ओढा फुगला होता. बोरीच्या मुक्कामी घोडा आला, स्वार आला नाही. तेव्हा कुठे शोध सुरू झाला.

आता घोड्याच्या जागी जीप आली आहे. १९६२ साली चांद्यासाठी सिरो-मलबार चर्चचे स्वतंत्र धर्मक्षेत्र झाले. दवाखान्याच्या, शाळेच्या कामाने सिस्टर, फादर, नर्सबाई आजही रानातल्या गावांना जातात. ओढे मात्र तेच! पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेले की भामरागड तुटते, हे गडचिरोलीकरांनी किती पावसाळे पाहिले आहे. सहा इंच जोराचे पाणी उभ्या माणसाचा तोल घालवते. एक फुटात लहान मोटार तरंगू लागते, दोन फुटांत जीपही वाहून जाते. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचला, हे तर दिसतच नाही.

मग शहाणी माणसे पाण्यात गाडी घालतात कशी? पलीकडे रोगी असतो, मांडीवर औषधाची पेटी असते, देव पार नेईल असा भरवसा असतो. आणि ड्रायव्हर पगारी. तो फादरांना 'नाही' कसे म्हणणार? म्हणून हा निर्णय काठावरच्या माणसांवर सोडूच नये, असे मला वाटते. केंद्रात बसलेल्या एकाकडे तो असावा. कोण निघाले, कोणत्या वाटेने, मुक्काम कुठे, परतणार किती वाजता, हे त्याच्याजवळ लिहून ठेवावे. ठरल्या वेळेवर तासभर गेला की त्याने पोलीस ठाण्याला कळवावे. उगाच बोभाटा नको म्हणून थांबू नये. पुलावर पाणी असेल तर गाडी फिरवायची, हेही निघण्याआधीच ठरलेले असावे.

गुरुजी, इथे आपले काम आहे. मोबाइलची रेंज संपते त्या शेवटच्या गावी बहुधा आपली शाळा असते. नाल्याला पाणी किती, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? पाहुण्यांनी विचारण्याची वाट पाहू नका, थांबवा त्यांना.

माझी एक जुनी विद्यार्थिनी नर्स आहे. एका पावसाळी संध्याकाळी ती अशीच नाल्यावरून परत फिरली. पलीकडे एक पोर तापाने फणफणत होते. सकाळी गावकऱ्यांनी त्याला डोंग्यातून आणले, वाचले ते. "सर, रात्रभर डोळा लागला नाही," ती म्हणाली. दर वेळी पोर वाचेलच असे नाही, हे तिलाही ठाऊक आहे. त्यानंतर तिने एक केले. मृग लागण्याआधीच पलीकडच्या गावी जाऊन तिथल्या आशाताईंकडे हिवताप तपासण्याच्या पट्ट्या आणि गोळ्या पुरेशा आहेत की नाहीत, हे ती स्वतः मोजून येते.