पोळ्याला दिसली, मे महिन्यात रुजली

तळोद्यातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. मे महिना, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचूरचे दिवस. दिवसभर कैऱ्या सोलून उठलेली आजी मोरीत जाते आणि भेगाळलेल्या टाचा घासायला वजरी उचलते. सकाळी त्याच वजरीने नातवाने टाच घासलेली असते, आणि त्याच्या टाचेला आहे चामखीळ.

पोळ्याच्या सुमारास आजीच्या टाचेवरही एक खरखरीत गाठ येते. मधले तीन महिने ही चामखीळ होती कुठे?

चामखीळ म्हणजे एका विषाणूची करामत. नाव ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत, त्यांतले मोजकेच अशा चामखिळी आणतात. आकार विचाराल तर ५५ नॅनोमीटर! एका केसाच्या जाडीवर असे हजाराहून जास्त विषाणू ओळीने मावतील.

एवढासा जीव वजरीवर टिकतो कसा? करोनाच्या विषाणूभोवती चरबीचं मऊ आवरण होतं, साबण लागला की ते विरघळायचं. ह्याला तसं आवरणच नाही. ह्याची रचना आंब्याच्या कोयीसारखी : बाहेर प्रथिनांचं टणक कवच, आत बी. प्रथिनाचे ३६० तुकडे पाच-पाचच्या ७२ गुच्छांत बसून हे कवच तयार होतं. म्हणून तो वाळला तरी दिवसचे दिवस तग धरतो आणि सॅनिटायझरलाही सहजी दाद देत नाही.

पण धडधाकट कातडीतून त्याला आत शिरता येत नाही. त्याला हवी असते फट. आणि वजरीचं काम काय? घासणं! एकाच्या चामखिळीचा भुगा ती स्वतःवर घेते आणि दुसऱ्याच्या टाचेवर बारीक चरे पाडते. बीही तिचंच, नांगरटही तिचीच.

आता खरी कमाल बघा. आपल्या कातडीच्या तळाशी नव्या पेशी सतत जन्मतात, थराथराने वर सरकतात आणि साधारण महिनाभरात कोंडा होऊन गळून पडतात. विषाणू चऱ्यातून थेट तळाच्या पेशीत उतरतो आणि तिथे गुपचूप मुक्काम करतो. पेशी वर सरकली की तिच्याबरोबर तोही वर येतो. आपल्या नव्या प्रती तो बांधतो त्या अगदी वरच्या थरात पोचल्यावरच. मग पेशी गळते आणि तिच्यासोबत हजारो विषाणू बाहेर पडतात. ना रक्त, ना आरडाओरडा. शरीराच्या पहारेकऱ्यांना महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही, तो याचमुळे!

ही वाट पाहणं एका डॉक्टरने स्वतःच्या अंगावर अनुभवलं. १९०७ साली इटलीतल्या ज्युसेप्पे च्युफो यांनी चामखिळीचा अर्क जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि स्वतःला टोचून घेतला. काही महिन्यांनी तिथे चामखिळी उगवल्या. जिवाणूपेक्षाही लहान असं काहीतरी गाळणी ओलांडून गेलं होतं.

नावात ‘खीळ’ असली तरी ती हाडापर्यंत ठोकलेली नसते. चामखीळ राहते कातडीच्या वरच्या थरातच, आणि तिच्यातले काळे ठिपके म्हणजे गोठलेल्या केशवाहिन्या, मुळं नव्हेत.

२०१३ साली नेदरलँड्समधल्या शाळकरी मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांना चामखिळी होण्याचा धोका वाढत होता तो घरातल्या माणसांमुळे आणि वर्गातल्या सोबत्यांमुळे. सार्वजनिक ठिकाणी अनवाणी फिरण्याशी त्याचा संबंध दिसला नाही. जिथे जवळीक, तिथेच ह्या पाहुण्याची ये-जा!

घाबरायचं कारण नाही. मुलांच्या बहुतेक चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात, कारण पहारेकऱ्यांना अखेर जाग येते. तोवर नातवाची चामखीळ पट्टीने झाकावी, त्याचा टॉवेल आणि नेलकटर वेगळं ठेवावं, ओल्या मोरीत चप्पल घालावी. आणि आजीसाठी बाजारातून एक नवी वजरी आणावी, फक्त तिची.