सामायिक लायब्ररी, कार्यप्रणालींतील भेद आणि 'लिबटूल' : एक विवेचन

प्रस्तावना

संगणकावरील अनेक प्रोग्रॅमना एकच काम वारंवार करावे लागते. ते प्रत्येक प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे लिहिण्याऐवजी सामायिक लायब्ररीत ठेवल्यास जागेची बचत होते आणि दोष एकाच ठिकाणी दुरुस्त करता येतो. मराठी मजकुरातील जोडाक्षरे जुळवून दाखविण्याचे काम फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड यांत 'हार्फबझ' हीच लायब्ररी करते. अशी लायब्ररी अनेक कार्यप्रणालींवर चालणे अपेक्षित असते. परंतु सी भाषेचे १९८९ मध्ये प्रमाणीकरण झाले, तरी सामायिक लायब्ररी कशी बांधावी याविषयी ते प्रमाण मौन बाळगते. परिणामी प्रत्येक कंपनीने आपापली रीत रूढ केली. या भेदांवर 'ग्नू लिबटूल'ने कोणता मार्ग काढला आणि कोणती जबाबदारी त्याच्या आवाक्याबाहेर राहिली, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

भेदांचे स्वरूप

सामायिक लायब्ररी स्मृतीत कोणत्या पत्त्यावर उतरेल हे आधी ठाऊक नसते. म्हणून तिचा कोड स्थाननिरपेक्ष असावा लागतो. त्यासाठी जीसीसी कंपायलरला 'एफ-पीआयसी', सन कंपनीच्या कंपायलरला 'के-पीआयसी', तर एचपी-यूएक्सच्या कंपायलरला 'अधिक झेड' असा पर्याय द्यावा लागे. आयबीएमच्या एआयएक्सवर सर्वच कोड स्थाननिरपेक्ष असल्याने काहीच सांगावे लागत नाही. फाइलच्या नावाचा शेवट लिनक्सवर 'एसओ', मॅकवर 'डायलिब', विंडोजवर 'डीएलएल' असा होतो.

नावांतील भेद वरवरचा आहे; वर्तनातील भेद अधिक त्रासदायक ठरतो. लायब्ररीत वापरलेल्या एखाद्या फंक्शनचा ठावठिकाणा जोडणीच्या वेळी लागला नाही, तरी लिनक्सवरील लिंकर सहसा तक्रार करीत नाही; शोध पुढे प्रोग्रॅम चालताना घेतला जातो. विंडोजवर मात्र प्रत्येक नावाचा उलगडा जोडणीच्या वेळीच व्हावा लागतो. त्यामुळे 'नो-अनडिफाइन्ड' हा पर्याय देऊन लेखकाने तशी हमी दिल्याखेरीज लिबटूल तेथे सामायिक लायब्ररी बांधत नाही, केवळ स्थिर लायब्ररी बांधते. अनेकांना हा हट्ट वाटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो प्रामाणिकपणा आहे.

लिबटूलची रीत

गॉर्डन मॅट्झिगकिट यांनी १९९६ मध्ये लिबटूलची निर्मिती केली. लेखकाने एकच आज्ञा द्यावी आणि तिचे स्थानिक भाषांतर लिबटूलने करावे, ही त्यामागील कल्पना. लायब्ररीची माहिती 'एलए' या साध्या मजकूर-फाइलमध्ये नोंदविली जाते. लायब्ररी योग्य जागी बसविण्यापूर्वीही प्रोग्रॅम तपासता यावा, म्हणून प्रोग्रॅमच्या नावाने एक शेल-स्क्रिप्ट तयार होते. ती लायब्ररीचा मार्ग सांगून खरा प्रोग्रॅम चालविते. विद्यार्थी या स्क्रिप्टलाच डीबगर लावतात आणि 'ही चालविण्याजोगी फाइल नाही' अशा संदेशाने गोंधळतात. डीबगर लिबटूलच्या 'एक्झिक्यूट' पद्धतीमार्फत सुरू केल्यास ही अडचण उरत नाही.

आवृत्तीचे तीन अंक

खरी कसोटी आवृत्तीची आहे. लिबटूल तीन अंक मागते : चालू बाह्यरूपाचा क्रमांक, त्याच बाह्यरूपाच्या दुरुस्तीचा क्रमांक आणि मागील किती बाह्यरूपे अद्याप चालतात ती संख्या. येथे बाह्यरूप म्हणजे इतर प्रोग्रॅमना दिसणारी फंक्शने व त्यांची रचना. केवळ आतील कोड बदलला, तर दुसरा अंक एकने वाढवावा. नवीन फंक्शन जोडले, तर पहिला व तिसरा वाढवून दुसरा शून्य करावा. एखादे फंक्शन काढले किंवा बदलले, तर पहिला वाढवून उरलेले दोन्ही शून्य करावेत. ३, ०, १ असे अंक दिल्यास लिनक्सवर फाइलच्या नावाअखेरीस २.१.० येते, कारण तेथे पहिल्या अंकातून तिसरा वजा होतो. इतर कार्यप्रणालींची गणिते वेगळी असल्यानेच ही तटस्थ मांडणी करावी लागली.

सॉफ्टवेअरच्या प्रकाशनाचा क्रमांकच येथे लिहिणे ही सर्रास आढळणारी चूक असून लिबटूलची पुस्तिका तसे करू नये असे स्पष्ट बजावते. बाह्यरूप बदलूनही अंक तेच राहिले, तर जुने प्रोग्रॅम नव्या लायब्ररीशी निमूटपणे जोडले जातात आणि मध्येच बंद पडतात किंवा, त्याहून वाईट, चुकीचे उत्तर देतात. अंक विनाकारण पुढे गेला, तर त्या लायब्ररीवर विसंबणारा प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा बांधावा लागतो. लिनक्सवर हार्फबझच्या फाइलनावातील हा पहिला अंक अनेक प्रकाशनांनंतरही शून्यच आहे.

आज 'एलए' फाइलींची उपयुक्तता घटली असून डेबियन व फेडोरा यांच्या पॅकेजांतून त्या सहसा वगळल्या जातात. सीमेक आणि मेसन ही नवी साधने अनेकांनी स्वीकारली आहेत. तथापि त्यांतही आवृत्तीचा अंक लेखकालाच ठरवावा लागतो. 'लिबअबिगेल'मधील 'एबीआयडिफ' हे साधन लायब्ररीच्या दोन आवृत्त्या ताडून गळालेले फंक्शन किंवा बदललेला संरचनेचा आकार दाखविते. मात्र फंक्शनचे नाव व आकार तोच राहून अर्थ बदलला, उदाहरणार्थ सेकंदांऐवजी मिलिसेकंद परत येऊ लागले, तर त्यालाही काही दिसत नाही.