साडेचारास एक

रेल्वेचे तिकीट, परीक्षेचा अर्ज, बँकेतील शिल्लक या गोष्टी आता पुष्कळदा पडद्यावरच वाचाव्या लागतात. पडद्यावरील अक्षरे फिकट असली, तर अधू दृष्टीच्या माणसाचे कामच अडते. ‘अक्षरे उठून दिसली पाहिजेत’ एवढे सांगून भागत नाही. उठून म्हणजे किती, याचे उत्तर प्रत्येक जण आपापल्या डोळ्यांप्रमाणे देणार. म्हणून हा गुण मोजावा लागतो. तो कसा मोजतात ते पाहू.

पडद्यावरील पांढऱ्या रंगाची दीप्ती १ व काळ्याची ० मानतात. इतर सर्व रंगांची दीप्ती या दोहोंच्या दरम्यान असते. अक्षरे व पार्श्वभूमी या दोन्हींच्या दीप्तीत प्रथम ०.०५ मिळवायचे, मग मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचे. या भागाकारास कॉन्ट्रास्टचे गुणोत्तर म्हणतात. हे ०.०५ कशासाठी? खोलीतील उजेड पडद्यावरून थोडासा परावर्तित होतो, त्यामुळे काळा भागही पूर्ण काळा दिसत नाही. त्याची ही भरपाई होय. पांढऱ्यावर काळी अक्षरे असतील, तर १.०५ ÷ ०.०५ = २१. याहून मोठे गुणोत्तर मिळत नाही.

आता प्रश्न असा, की किमान किती हवे? संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ साली आपल्या नियमांची दुसरी आवृत्ती काढली. तीत साध्या मजकुरासाठी ४.५ : १ ही मर्यादा घातली. हा आकडा हवेतून आलेला नाही. सामान्य दृष्टीसाठी ३ : १ पुरते, असे आधीच्या मानकांत होते. ज्याची दृष्टी ६/१२ आहे, म्हणजे इतरांना १२ मीटरवरून दिसणारे अक्षर ज्याला ६ मीटरवर यावे तेव्हा दिसते, त्याला सुमारे दीडपट कॉन्ट्रास्ट लागतो. ३ × १.५ = ४.५. ऐंशीच्या घरातील माणसांची दृष्टी साधारणतः एवढीच असते. म्हणजे हा नियम आपल्या आजीआजोबांच्याही उपयोगाचा आहे. याहून अधू दृष्टीसाठी ७ : १ अशी वरची पायरीही आहे.

डोळे कसे फसवतात पाहा. हिरव्यावर लाल अक्षरे आपल्याला भडक वाटतात. पण पडद्यावरील शुद्ध हिरव्याची दीप्ती ०.७१५ व लालची ०.२१३ आहे. ०.७६५ ÷ ०.२६३ म्हणजे सुमारे २.९. नियमाप्रमाणे ही जोडी नापास! ज्याला लाल-हिरवा भेद कळत नाही, त्याला मुख्यतः दीप्तीतील फरकावरच वाचावे लागते, आणि तो येथे अपुरा आहे.

मानक तयार झाले, तरी ते पाळले गेले पाहिजे. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. भारतीय मानक ब्यूरोने माहिती-तंत्रज्ञानाच्या साधनांसाठी ‘आय. एस. १७८०२’ या मानकाचा पहिला भाग २०२१ साली काढला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारसवजा असणे या कायद्याशी विसंगत आहे. काही किमान नियम बंधनकारकच हवेत. बंधनकारक नियम मोजता येण्याजोगा असावा लागतो, नाही तर तो मोडला की पाळला हे ठरवायचे कसे? ४.५ सारख्या आकड्याचे मोल येथे कळते. अर्थात, ज्यांना मुळीच दिसत नाही त्यांना या आकड्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली चालावी, चित्रांना शब्दांत वर्णन असावे, असे वेगळे नियम आहेत.

आता एक गणित तुम्ही करा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर करडी अक्षरे आहेत. करड्याची दीप्ती ०.३. गुणोत्तर किती? मोठ्या अक्षरांच्या मथळ्यांना ३ : १ ची सवलत आहे. मग हा रंग मथळ्याला चालेल काय? आणि मजकुराला?