असईचा हिशेब

२३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई गावापाशी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज उतरली होती. कवायती पायदळ दहा हजारांवर, घोडदळ तीस हजारांच्या पुढे, तोफा शंभराच्या आसपास. त्यांच्यावर चालून आला ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्ली. त्याच्याकडे नियमित सैनिक जेमतेम साडेचार हजार, जोडीला म्हैसूरचे आणि मराठे मिळून पाचेक हजार स्वार, तोफा विसाच्या आतबाहेर. त्याला येऊन मिळायची ती कर्नल स्टीव्हन्सनची फौज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचली.

जवळपास नदीला उतार नाही, असं वाटाडे सांगत होते. वेलस्लीला मात्र दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. गावं इतकी जवळ, तर माणसं येजा करतच असणार! अंदाज बरोबर निघाला आणि फौज मराठ्यांच्या डाव्या बगलेवर उतरली. शिंद्यांच्या चाकरीतल्या हॅनोवरच्या पोलमानने पलटणी झपाट्याने वळवून नवी फळी धरली. मराठी तोफखान्याच्या माऱ्यात इंग्रजी तोफांचे बैल पडले, तोफा मागेच राहिल्या. फळी मोडल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि पुढे गेलेल्या शत्रूवर त्यांनी पाठीमागून तोफा डागल्या. या गोलंदाजांबद्दल आपण फारच कमी बोलतो.

कंपनीकडचे ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. एकूण १५८४, म्हणजे नियमित फौजेतला साधारण दर तिसरा माणूस. बारा वर्षांनी वॉटर्लूवर याच वेलस्लीच्या सुमारे ६८ हजारांच्या फौजेतले पंधरा ते सतरा हजार ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. तिथे प्रमाण चारात एकाच्या आसपास होतं.

असईत मराठ्यांचं बहुतांश घोडदळ मात्र बाजूलाच राहिलं, आणि शिंदे-भोसले रण सोडून गेले. माझ्या मते डोक्यांच्या मोजणीपेक्षा मोठा आकडा आहे ९८, त्या दिवशी हातच्या गेलेल्या तोफांचा. महादजींच्या काळापासून उभी राहिलेली शिंद्यांची खरी ताकद हीच होती. ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई हातची गेली होती, १ नोव्हेंबरला लासवारीचीही गेली. असईनंतर बरोबर ९८ दिवसांनी, ३० डिसेंबरला, सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली-आग्रा, भडोच आणि अहमदनगर सोडलं. भोसल्यांनी कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख त्याआधीच, १७ डिसेंबरला, देवगावच्या तहात देऊन टाकला होता.