हिशेबाची डिस्क : सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सिटी चौक, गुलमंडी, शहागंज भागातील अनेक दुकानांचा रोजमेळ आणि खतावणी वहीतून संगणकात गेली आहे. कारागिरांचेही तसेच झाले आहे. हिमरूची नक्षी, बिदरीच्या कामाचे फोटो, भरतकामाचे खाके, फर्निचरची मापे आणि गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी आता घरातल्या संगणकात असतात. वहीला वाळवी लागली तर डोळ्यांना दिसते. संगणकाची हार्ड डिस्क मात्र काही न सांगता बंद पडते आणि उधारीचा सगळा हिशेब तिच्याबरोबर जातो. त्यामुळे दुसरी प्रत ठेवणे भागच आहे. ती सीडी किंवा डीव्हीडीवर घ्यायची असेल तर कोणते सॉफ्टवेअर वापरावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

डिस्कचा जमाना गेला, मग ती कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. नोएडाची मोझर बेअर ही कंपनी एके काळी जगातील मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी एक होती. २००७ मध्ये तिने सिनेमांच्या स्वस्त व्हीसीडी-डीव्हीडी काढल्या तेव्हा बाजारात खळबळ उडाली होती. तीच कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली अवसायनात गेली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा डिस्कचा ड्राइव्हच नसतो. बाहेरून यूएसबीला जोडायचा रायटर वेगळा घ्यावा लागतो.

तरीही डिस्कमध्ये एक गुण असा आहे, जो पेन ड्राइव्हमध्ये नाही. साध्या सीडी-आर किंवा डीव्हीडी-आरवर एकदा लिहिलेला मजकूर पुसून त्या जागी दुसरा लिहिता येत नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांच्या फायली कुलूपबंद केल्या आणि त्या उघडण्यासाठी पैसे मागितले. असा व्हायरस शिरला की संगणकाला लावलेला पेन ड्राइव्ह आणि जोडलेली हार्ड डिस्कही त्याच्या तावडीत सापडू शकते. कपाटात ठेवलेल्या डिस्कला तो हात लावू शकत नाही.

कायद्याची बाजूही पाहावी. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे, वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावा लागतो. २०२४-२५ या वर्षासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत धरली, तर तो हिशेब ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हाताशी हवा. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही अधिक काळ. हिशेब संगणकावर असेल तर त्याची योग्य दुसरी प्रत ठेवावी आणि मूळ हिशेब नष्ट झाल्यास तो वाजवी वेळात पुन्हा उभा करता यावा, असे नियम ५७ सांगतो. 'संगणक बिघडला होता' एवढ्या उत्तराने काम भागणार नाही.

निवडीच्या चार कसोट्या

सॉफ्टवेअर निवडताना नाव आणि रंगीत खिडक्या पाहू नयेत. पुढील चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली कसोटी पडताळणीची. डिस्क लिहून झाल्यावर ती पुन्हा वाचून मूळ फायलींशी ताडून पाहण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये हवी. तिला 'व्हेरिफाय' म्हणतात. लिहिताना चूक झाली आणि ताडून पाहिले नाही, तर ती चूक प्रत्यक्ष गरज पडेल त्या दिवशीच कळते.

दुसरी कसोटी साध्या फायलींची. काही बॅकअप सॉफ्टवेअर सगळ्या फायलींचे एक गाठोडे बांधतात आणि ते गाठोडे त्याच सॉफ्टवेअरने सुटते. सहा वर्षांनी ते सॉफ्टवेअर मिळाले नाही तर डिस्क हातात असून उपयोग नाही. फायली जशा आहेत तशाच लिहिणारे सॉफ्टवेअर घ्यावे. टॅलीचा बॅकअप टॅलीतच उघडतो, म्हणून त्याच्याबरोबर खतावणी आणि विक्री-खरेदीच्या याद्या पीडीएफ करून त्याही डिस्कवर टाकाव्यात.

तिसरी कसोटी डिस्क बंद करण्याची. तिला 'फायनलाइज' किंवा 'क्लोज' म्हणतात. अर्धवट उघडी राहिलेली डिस्क आपल्या संगणकावर चालते आणि सीएच्या कार्यालयातल्या संगणकावर अडते.

चौथी कसोटी सचोटीची. 'क्रॅक' केलेली फुकट प्रत घेऊ नये. अशा प्रतींबरोबर व्हायरस येण्याचा मोठा धोका असतो. ज्या व्हायरसपासून हिशेब वाचवायचा, त्यालाच घरात बोलावण्यासारखे ते आहे. शिवाय चांगली सॉफ्टवेअर विनामूल्य मिळत असताना चोरीच्या मालाची गरजच काय?

बाजारात काय मिळते?

विंडोजमध्ये २००१ च्या एक्सपीपासून डिस्क लिहिण्याची सोय आहे. कोरी डिस्क घातली की विंडोज विचारते, डिस्क पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? हिशेबासाठी दुसरा पर्याय निवडावा. तशी डिस्क इतर संगणकांवर सहज चालते. मात्र फायली लिहिण्याच्या या साध्या पद्धतीत पडताळणीची सोय नाही. ती आयएसओ प्रकारची फाइल डिस्कवर उतरवताना मिळते. म्हणून लिहिल्यावर प्रत्येक फाइल स्वतः उघडून पाहावी लागते.

'इमगबर्न' हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची असली तरी ते आजच्या विंडोजवर चालते. फायली व फोल्डर डिस्कवर लिहिण्याचा पर्याय निवडला की लिहिणे आणि पडताळणे एका दमात होते. 'सीडीबर्नरएक्सपी' हेही विनामूल्य आहे. त्याची खिडकी नवशिक्याला सोपी वाटते आणि पडताळणीची खूण त्यात आहे. मोफत सॉफ्टवेअर बसवताना डोळे झाकून 'नेक्स्ट' दाबत जाऊ नये. काही वेळा जाहिरातींची सॉफ्टवेअर सोबत चिकटून येतात, त्यांच्या खुणा काढून टाकाव्यात.

जर्मनीचे 'नीरो' जुन्या लोकांच्या ओळखीचे आहे. पूर्वी रायटरच्या खोक्यात त्याची प्रत मिळत असे. आज ते पैसे देऊन घ्यावे लागते. व्हिडिओ, गाणी, आवरणाची छपाई असे काम करणाऱ्या फोटो स्टुडिओला ते उपयोगी पडेल. नुसत्या हिशेबासाठी तो खर्च करण्याचे कारण नाही. लिनक्स वापरणाऱ्यांनी 'के-थ्री-बी' किंवा 'ब्रासेरो' घ्यावे. दोन्ही विनामूल्य आहेत.

डिस्क लिहिताना

सीडीत ७०० एमबी आणि साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावते. संगणक डीव्हीडीची जागा ४.३८ जीबी दाखवतो. तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, दुकानदाराने माप मारलेले नाही. पुन्हा लिहिता येणारी 'आर-डब्ल्यू' डिस्क हिशेबासाठी घेऊ नये, कारण ती पुसता येते. सर्वांत जास्त वेग न ठेवता मधला ठेवावा. सोळापट वेगाची डीव्हीडी आठपटीने लिहिली तर काही मिनिटेच जास्त लागतात.

लिहून झालेली डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. नाव लिहिण्यासाठी बॉलपेन वापरू नये, डिस्कसाठीचे मऊ टोकाचे मार्कर पेन वापरावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीत डिस्क ठेवू नये. लिहिण्याचा थर रंगद्रव्याचा असतो, तो ऊन आणि उष्णतेने खराब होतो.

डिस्क म्हणजे अमरपट्टा नव्हे. जाणकार तीन प्रतींचा नियम सांगतात : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. एक प्रत संगणकात, रोजची दुसरी पेन ड्राइव्हवर आणि महिन्याच्या किंवा ३१ मार्चच्या हिशेबाची तिसरी डिस्कवर, अशी घडी बसवता येते. दुकानाची डिस्क घरी आणि घरची दुकानात ठेवावी, म्हणजे एका ठिकाणी आग लागली तरी दुसरी वाचते. ज्यांच्या कपाटात पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या सीडी आहेत, त्यांनी वाचणारा ड्राइव्ह मिळतो आहे तोवर त्या नव्या साधनांवर उतरवून घ्याव्यात.

घरच्या संगणकावर हिशेब आणि नमुने जपायचे असतील तर इमगबर्न किंवा सीडीबर्नरएक्सपी पुरेसे आहे. पैसा वाचतो आणि पडताळणीही होते. वाचलेल्या पैशातून चांगल्या कंपनीच्या डिस्क घ्याव्यात आणि प्रत्येक हिशेब दोन डिस्कवर लिहावा.